दंडावरच्या खरखरीत पुळ्या आणि युरिया-लॅक्टिक क्रीम

दंडाच्या मागे, मांड्यांवर किसणीसारख्या खरखरीत, न खाजणाऱ्या बारीक पुळ्या, म्हणजे केराटोसिस पिलारिस. केसाच्या मुळाशी केराटिनचा, म्हणजे कातडीतल्या टणक प्रथिनाचा खडा अडकतो, एवढंच. संसर्ग नाही, रक्तातला दोष तर नाहीच. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत मात्र त्या हटकून वाढतात.

त्यावर १० टक्के युरिया आणि १० टक्के लॅक्टिक ॲसिडचं साधं क्रीम पैसा वसूल आहे, पण लावण्याची पद्धत चुकली तर ट्यूब वाया. युरिया पाणी धरून खडा मऊ करतो, लॅक्टिक ॲसिड मेलेल्या पेशी सोडवतं. आंघोळ कोमट पाण्याने करा. गिझरचं कढत पाणी केलेलं काम धुऊन नेतं. अंग टिपून, ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, पेराइतकी लांब पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका दंडाला एक रेघ पुरते. दोन्ही दंड, दोन वेळा: रोज २ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपणार, आणि फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागणार! इथेच बहुतेक जण कंटाळतात. १०० ग्रॅमचं पॅक मिळालं तर तेच घ्या.

खरखर जाते, लालसरपणा मात्र बराच काळ राहतो. बंद केलं की पुळ्या परत येतात. मग आठवड्यातून दोन-तीनदा लावत राहायचं. वॅक्सिंग किंवा शेव्हिंगच्या दिवशी लावलं तर चांगलंच झोंबतं. क्रीम चिकट आहे, सुती बाहीला डाग पडतो. उन्हात जाताना दंड झाका किंवा सनस्क्रीन लावा.

घोसाळ्याची जाळी, संत्र्याच्या सालीचं भरड उटणं यांनी घासू नका. खडा निघत नाही, कातडी सोलते आणि काळे डाग मागे राहतात. काउंटरवरून मिळणारी स्टेरॉइडची मिश्र क्रीम तर नकोच, कातडी पातळ होते.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मानेवर, पाठीवर खाजणारे दाणे आले तर त्या घामोळ्या. तिथे हे घट्ट क्रीम उलट त्रास वाढवतं, कूलरपुढे बसा. कोपर-गुडघ्यांवर जाड काटे आणि जोडीला रातांधळेपणा असेल, तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची शंका घेऊन नागपुरातल्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवा. गरोदरपणी आणि लहान मुलांना लावायचं तर आधी डॉक्टरांना विचारा.