कॉइल, मशीन, स्प्रे की मच्छरदाणी? फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्या माणसाच्या घरासाठी

घरात कुणाला फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, किंवा मांडीचं हाड मोडून वडील खाटेला खिळले असतील, तर जळगाव-धुळ्याच्या उकाड्यात संध्याकाळी डास सुरू झाले की प्रश्न पडतोच: लावायचं काय?

आधी भीतीचं बोलू. घरगुती डासनाशकामुळे गुठळी होते, असं सिद्ध झालेलं नाही. गुठळी बहुतेकदा पायाच्या खोल शिरेत धरते आणि तिथून सुटून फुप्फुसात अडकते. ऑपरेशन, मोडलेलं हाड, पडून राहणं, कॅन्सर, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या ही तिची नेहमीची कारणं. डासांच्या औषधाचा त्रास वेगळा: खोकला, घशात खवखव, दमेकऱ्याला धाप. मला धास्ती वाटते ती दोन्हींची गल्लत होण्याची. ‘कॉइलनेच दम लागला, खिडकी उघडा’ म्हणत रात्र काढू नका. अचानक धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत टोचलं, थुंकीत रक्त आलं किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर लगेच 108 ला फोन करा.

आता निवड. कॉइल स्वस्त, लाइट गेली तरी चालते, म्हणून खेड्यात तीच जास्त. पण 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. ज्याचं फुप्फुस आधीच दुखावलंय, त्याच्या खोलीत ती नकोच. निंबाच्या पाल्याचा धूर घरचा असला तरी धूरच. प्लगमध्ये लावायच्या मशीनला धूर नाही, त्यामुळे कॉइलपेक्षा कितीतरी बरं. मात्र औषध हवेत मिसळतंच, म्हणून ते उशाशी लावू नका आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

स्प्रे मारायचाच तर रुग्णाला बाहेर बसवून मारा, खोली हवेशीर झाल्यावरच आत आणा. झुरळांसाठी त्यापेक्षा जेल बरं. बिजागरीमागे ठिपके लावले की झालं, हवेत काही उडत नाही.

माझी पहिली पसंती मच्छरदाणीलाच. घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, खाट टाकली तरी ती बांधता येते. फक्त पाय मोडलेल्या माणसाच्या उतरायच्या बाजूला तिची झालर जमिनीवर लोळू देऊ नका, रात्री उठताना पाय अडकतो. आणि डास येतात कुठून तेही बघा. आपल्याकडे कूलर महिनोन् महिने चालतो. आठवड्याला टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीही टिकतात.

कपाशी-केळीवर फवारायचं औषध ढेकणांसाठी घरात आणणं तर सरळ विषबाधेला बोलावणं. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर तर 2020 संपता संपता देशात बंदीच आली.

उंदरांच्या औषधाचं मात्र उलटं आहे. त्यातलं ब्रोमाडायोलोन हे विष रक्त गोठूच देत नाही. गुठळीनंतर रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्याच्या गोळ्याही त्याच मार्गाने काम करतात, म्हणून हे विष चुकून पोटात गेलं तर रक्तस्रावाचा धोका दुणावतो. अशा घरात पिंजरा लावा. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली, तर डॉक्टरांना गोळीबरोबर घरात ठेवलेल्या उंदराच्या औषधाचंही नाव सांगा.