पुरात भिजलेलं सागवानी कपाट जळणाच्या भावाने देऊ नका

सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९ चा महापूर असो की २२ जुलै २०२१ चं चिपळूण, पाणी ओसरल्यावर घरं सारखीच दिसतात. ओटीवर चिखल, रस्त्यावर गाद्या आणि मधोमध आजीच्या लग्नातलं सागवानी कपाट. घरची माणसं तीन-चार रात्री झोपलेली नसतात. अशा वेळी जुनं लाकूड घेणारा दारात येतो. "काकू, हे कुजलंय. वाळवी धरायच्या आत काढा. जळणाच्या भावाने नेतो, उचलायची मजुरी वाचेल तुमची." अर्ध्या तासात कपाट टेम्पोत चढतं.

पुरावा म्हणून तो खिळ्यांभोवतीचे निळसर-काळे डाग दाखवतो. ती कूज नव्हे. लाकडातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड पाण्यात एकत्र आलं की असा रंग उतरतो. पॉलिशवरचा पांढरा थर दाखवून तो "आतून बुरशी" म्हणतो. लाखेच्या पॉलिशमध्ये ओल शिरली की ते पांढुरकं दिसतं, एवढंच. खण अडकला की म्हणतो सांगाडा वाकला. लाकूड फुगलंय, वाळलं की बसेल. सांधे डुगडुगत असतील तर जुना सरस पाण्यात विरघळलेला असतो. सुतार ते सांधे सोडवून पुन्हा चिकटवतो.

सागाचा गाभा दोन-चार दिवसांत कुजत नाही. कुजायला आठवडे-महिने ओल टिकावी लागते. खात्री करायची तर बारीक पेचकसाचं टोक डागावर दाबा. ते सहज आत रुतलं तरच लाकूड गेलं. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर मात्र फुगलं की खरंच संपतं, त्यावर जीव अडकवू नका.

आता हिशेब. सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. ९० किलोचं कपाट म्हणजे ५ घनफूट. किलोला १० रुपये मिळाले तर एका घनफुटाचे १८० रुपये झाले. वखारीत तेवढ्याच सागाला हजारांत मोजावे लागतात. फळीचं माप स्वतः काढा: फुटांत लांबी, इंचांत रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून १४४ ने भागा. ६ फूट लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट.

कपाट वाचवायचं तर चिखल वाळायच्या आत साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. खण हातोडीने ठोकू नका, मागची फळी काढून मागून ढकला. दारं उतरवा, पायांखाली विटा द्या, सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा. घाईने उन्हात ठेवलं की वरची बाजू आधी आकसते आणि फळीला चीर पडते. ज्या चुकीने चांगली कपाटं हातची जातात ती हीच. एक खण दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. सलग तीन आठवडे वजन उतरलं नाही की कपाट वाळलं. याला एक-दोन महिने सहज लागतात. मग लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्सॅलिक अॅसिड, म्हणजे हे काळे डाग उतरवणारं रसायन, प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवून डागांवर लावा. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा आणि नंतर लाकूड पाण्याने पुसून पुन्हा वाळवा.

"आठ दिवसांत पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. ओल्या लाकडावरचं पॉलिश ओल आत कोंडतं आणि पुढे सोलून निघतं. दुरुस्तीला द्यायचंच असेल तर प्रत्येक खणाचा आणि मागच्या फळीचा फोटो काढा, खणाच्या तळाला न दिसेल अशी खूण करा, आणि वस्तू, लाकूड, मजुरी, परत द्यायची तारीख कागदावर लिहून सही घ्या. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा असल्यास सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत कपाट दारातून हलू देऊ नका.