राष्ट्रपतींवरील व्याख्यानमाला : आणीबाणीचे सत्र उत्तम, शपथ मात्र एका ओळीत

सोलापुरातील एका स्पर्धा परीक्षा वर्गाने राष्ट्रपतींचे अधिकार आणि कर्तव्ये या विषयावर घेतलेल्या रविवारच्या व्याख्यानमालेविषयी हा अभिप्राय आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून नुसते अनुच्छेदांचे क्रमांक पाठ असून भागत नाही, त्यामुळे अशा वर्गाची कसोटी विवेचनातच लागते.

आणीबाणीवरील सत्र सर्वांत सरस झाले. सरांनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या : २५ जून १९७५ च्या रात्री उद्घोषणेवर राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची स्वाक्षरी, आणि २६ जूनच्या सकाळी मंत्रिमंडळाची बैठक. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज राष्ट्रपतींनी अशी उद्घोषणा काढू नये, ही अट ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये का घातली गेली, हे त्या उलट्या क्रमावरून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचले. (१९३० चा मार्शल लॉ सोसलेल्या आणि चार हुतात्मे दिलेल्या या शहरात असाधारण अधिकारांचा विषय निघूनही त्याचा उल्लेख होऊ नये, याचे नवल वाटले.) राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती पुढे रेटली नाही, हे उदाहरणही नेमके होते.

कर्तव्याच्या बाबतीत मात्र निराशा झाली. अनुच्छेद ६० मधील शपथेला झेरॉक्स नोट्समध्ये एकच ओळ मिळाली आहे, तीही अधिकारांच्या लांबलचक यादीखाली. मंत्री संविधानाशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात, तर राष्ट्रपती संविधानाचे जतन आणि संरक्षण करण्याची. शिवाय अनुच्छेद ६१ नुसार राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याच्या महाभियोगाला संविधानभंग हेच एकमेव कारण चालते. मग अनुच्छेद ७४ नुसार फेरविचारानंतर आलेला मंत्रिपरिषदेचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असताना, तोच सल्ला संविधानाला धरून नाही असे राष्ट्रपतींना वाटले तर त्यांनी काय करावे? एका विद्यार्थिनीने हे विचारले, तेव्हा "परीक्षेला येत नाही" एवढ्यावर तिची बोळवण झाली. वर्णनात्मक परीक्षेत नेमके हेच येऊ शकते.

शुल्क वाजवी आहे आणि सत्रे वेळेवर सुरू होतात. पुढील बॅचला जाणाऱ्यांनी नोट्सवर वेगळे पैसे न घालवता संविधानाची मराठी प्रत सोबत ठेवावी आणि अनुच्छेद ५२ ते ७८ आधी वाचूनच वर्गात बसावे.