पिवळा मल्टिमीटर आणि इलेक्ट्रिसिटीची गणितं, वर्षभर वापरून झाल्यावर

गेल्या जूनमध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक छोटा पिवळा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा) आणला, ८३० सिरीजचा, तोच जो तिथे दर दुसऱ्या दुकानात टांगलेला दिसतो, दोनशे रुपयांच्या आत मिळाला. घरातलं वायरिंग तपासायला नाही घेतला. भाचा बारावी सायन्सला आणि मुलगी दहावीला, आणि दोघांची तक्रार एकच, की फॉर्म्युल्यात आकडे टाकले की उत्तर येतं पण आत काय चाललंय ते डोळ्यासमोर येत नाही. मी स्वतः बीएस्सी फिजिक्स केलंय, शिकवण्या घेत नाही, पण या दोघांना रविवारी घेऊन बसते. तर वर्षभर हा मीटर आमच्या डायनिंग टेबलवर होता त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

डब्यात मीटर, लाल-काळ्या दोन वायरी, एक नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक घडी घातलेला कागद. सोबत मी दहा ओहम, एक किलोओहम आणि एक मेगाओहम असे प्रत्येकी दहा रेझिस्टर (करंटला अडवणारे छोटे भाग; ओहम हे त्या अडवण्याचं माप, किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख), बॅटरीच्या क्लिपा आणि क्रोकोडाइल क्लिपा घेतल्या, हे सगळं मीटरपेक्षाही स्वस्त पडतं. रेझिस्टर घ्याच, नुसत्या मीटरने काही होत नाही.

पहिला रविवार सेलवर गेला. टीव्हीच्या रिमोटमधला संपत आलेला सेल मोजला तर १.३८ व्होल्ट दाखवतोय, मुलगी म्हणाली अगं आई हा तर चांगलाय, मग रिमोट का चालत नाही. मग त्याच सेलला दहा ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजला, १.०२ व्होल्ट. नवीन सेल घेतला, आधी १.५८ आणि रेझिस्टर जोडल्यावर १.५३. आता इथे भाच्याला काही सांगावंच लागलं नाही, त्याने स्वतःच वही ओढली, करंट म्हणजे १.०२ भागिले १०, ०.१०२ अँपिअर, पडलेले व्होल्ट ०.३६, म्हणजे जुन्या सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स साडेतीन ओहम, आणि नव्याचा जेमतेम ०.३३. पुस्तकात "एका सेलचा अंतर्गत रोध r आहे" असं येतं ना, तो r म्हणजे सेल म्हातारा झाल्यावर वाढणारी खरी गोष्ट आहे हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि तेही स्वतःच्या घरच्या रिमोटमधून. (रेझिस्टर गरम होतो, पाव वॅटचा असतो, पटकन रीडिंग घ्या आणि काढा.) मी त्यांना ओहमची गोष्टही सांगितली, की जॉर्ज ओहम कोलोनला शाळेत शिकवायचा आणि त्याला सेलच्या याच डळमळीतपणाचा इतका त्रास झाला, की शेवटी त्याने सेल सोडून तांबं आणि बिस्मथच्या जोडाची थर्मोकपल (दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्ट देणारी जोडणी) वापरली, एक टोक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात, तेव्हा कुठे आकडे स्थिर आले आणि १८२७ ला त्याचं पुस्तक निघालं. आपल्याकडे ओहमचा नियम एका ओळीत पाठ करून टाकतात, त्यामागची ही मेहनत कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण या मीटरने जे सगळ्यात मोठं काम केलं ते त्याच्या एका उणिवेमुळे केलं, आणि खरं तर त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय. भाच्याला सिरीजचं (एकामागे एक जोडलेल्या रेझिस्टरचं) एक साधं गणित करून दाखवायचं होतं, दोन सारखे रेझिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, दोघांवर निम्मे निम्मे व्होल्ट. एक-एक किलोओहम लावले, बॅटरी नवीन होती ९.३ व्होल्टची, दोन्हीवर जवळपास ४.६५ आले, बेरीज जुळली, खूश. मग त्याने आपल्या मनाने किलोओहम काढून एक-एक मेगाओहमचे लावले. गणित तेच ना, निम्मे निम्मे. एका रेझिस्टरवर ३.१ व्होल्ट. दुसऱ्यावर पण ३.१. बेरीज ६.२. बॅटरी मोजली तर ९.३ च. तो माझ्याकडे बघतोय आणि म्हणतोय, "मावशी, तीन व्होल्ट गेले कुठे? किरचॉफ चुकला का?" (किरचॉफचा नियम म्हणजे सर्किटमधल्या व्होल्टची बेरीज बॅटरीइतकीच यायला हवी.)

मी लगेच सांगितलं नाही. त्याला म्हटलं बॅटरी तीच, रेझिस्टर तेच, मग सर्किटमध्ये तिसरं काय आहे ते शोध. अर्धा तास गेला. रेझिस्टरचे रंग पुन्हा तपासले, तपकिरी काळा हिरवा, बरोबर. वायरी हलवून बघितल्या. क्लिपा बदलल्या. शेवटी मुलगीच म्हणाली की मीटर पण जोडलेला आहे की. आणि तिथून मग सगळं उलगडलं, की हा मीटर व्होल्ट मोजताना स्वतःच एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो समांतर लागला की एक मेगाओहमचे अर्धा मेगाओहम होतात, म्हणजे आता सर्किट अर्धा आणि एक असं झालं, एकूण दीड, त्यातला अर्धा म्हणजे एक तृतीयांश, ९.३ चा एक तृतीयांश ३.१. अगदी तंतोतंत. किरचॉफ कुठेही चुकलेला नाही, आपण मोजायला गेलो आणि मोजण्यानेच सर्किट बदललं. एक किलोओहमच्या वेळी मीटरचा मेगाओहम हजारपट मोठा होता म्हणून फरक दिसलाच नाही.

गणितात लिहितात ना "आयडियल व्होल्टमीटर", म्हणजे स्वतः अजिबात करंट न घेणारा, मुलं ते शब्द वाचून पुढे जातात, भाचा पण जायचा, आता थांबतो. महागड्या मीटरचा रेझिस्टन्स दहा मेगाओहम असतो, तो लावला असता तर इथे ४.४३ आले असते, फरक दिसला असता पण इतका डोळ्यात भरला नसता. म्हणून शिकायला हा स्वस्तातलाच चांगला असं मी अगदी गंभीरपणे म्हणतेय. कॉलेजच्या लॅबमध्ये तारा ताणलेलं पोटेन्शिओमीटरचं लांबलचक फळकुट का ठेवतात हेही त्याला यानंतर पटलं, की नल पॉइंटला, म्हणजे काटा शून्यावर येतो त्या जागी, सेलमधून करंट घेतलाच जात नाही म्हणून खरा ईएमएफ (सेलचे पूर्ण व्होल्ट) मिळतो. त्याच्या आधी ते फळकुट म्हणजे पाच मार्कांचं प्रॅक्टिकल होतं फक्त. अर्थात सेल मोजायला हा मीटर पुरेसा आहे, अर्ध्या ओहमसमोर मेगाओहम म्हणजे काहीच करंट जात नाही.

करंट मोजण्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. अँमीटर सिरीजमध्येच लावायचा हे व्हायवाला सगळे सांगतात, आमच्याकडे ते प्रत्यक्ष घडलं. भाच्याने डायल २०० मिलीअँपिअरवर ठेवून प्रोब थेट मोबाईल चार्जरच्या कापलेल्या वायरीच्या दोन टोकांना लावले, पाच व्होल्ट, आणि मीटर करंटच्या रेंजला मेला. आत काचेचा छोटा फ्यूज असतो तो उडाला होता, नवा काही रुपयांत मिळाला. पण फ्यूज बदलायला मागचं झाकण उघडलं आणि बारावीचा एक आख्खा धडाच समोर आला. या मीटरची मूळ बुद्धी फक्त २०० मिलीव्होल्टपर्यंत मोजण्याची आहे, बाकी सगळ्या रेंज रेझिस्टर लावून बनवलेल्या. २०० मिलीअँपिअरच्या रेंजला एक ओहमचा शंट (मीटरला समांतर लावलेला, बहुतेक करंट आपल्यातून जाऊ देणारा रेझिस्टर), कारण ०.२ अँपिअर गुणिले १ ओहम म्हणजे २०० मिलीव्होल्ट. २० मिलीअँपिअरला दहा ओहम. आणि दहा अँपिअरसाठी तर एक जाड तार कमानीसारखी वाकवून बोर्डावर सोल्डर केलेली दिसते, ०.०१ ओहमची, साध्या डोळ्यांनी दिसणारा शंट. "गॅल्व्हानोमीटरचं (अगदी बारीक करंट दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरचं) अँमीटरमध्ये रूपांतर" या गणितात शंटचं उत्तर नेहमी इतकं बारीक का येतं ते ती तार बघून समजतं. आणि एक ओहम पाच व्होल्टला लावला तर पाच अँपिअर मागणार, चार्जर तेवढे देत नसला तरी २०० मिलीअँपिअरच्या फ्यूजला तो देतो तेवढेही भरपूर झाले, हेही त्यांनी तिथेच बसून काढलं.

मुलीच्या दहावीच्या धड्यात बल्बची गणितं असतात, १०० वॅट, २३० व्होल्ट, रोध काढा. व्होल्टचा वर्ग भागिले पॉवर, ५२९ ओहम. माळ्यावर जुना शंभरचा पिवळा बल्ब सापडला, होल्डरमधून काढून हातात घेऊन मोजला तर चाळीसच्या आसपास. आई मीटर बिघडला! मग दहा ओहमचा रेझिस्टर मोजून दाखवला, बरोबर दहा. दोन्ही आकडे खरेच आहेत, ५२९ हा पेटलेल्या बल्बचा आहे जेव्हा टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्याही वर तापलेली असते, आणि चाळीस हा थंड बल्बचा. म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणी पावणेसहा अँपिअर आणि क्षणभरात तो अर्ध्या अँपिअरच्याही खाली. बल्ब नेहमी लावतानाच का उडायचे हे माझ्या आईलाही त्या दिवशी कळलं, ती शेजारी शेंगा सोलत बसली होती.

मॅग्नेटिझमसाठी मात्र हा मीटर कमी पडतो, तिथे मी मार्क कापीन. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून इनॅमलची बारीक तार आणून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तीनशे वेढे गुंडाळले, जुन्या हार्डडिस्कमधला चुंबक काडीला चिकटवून आत-बाहेर केला, २०० मिलीव्होल्टच्या रेंजला. आकडे येतात, चुंबक उलट फिरवला की मायनस येतं, दिशा उलटली की करंटही उलटतो एवढं दिसतं. पण मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि चुंबक झटकन आत टाकला तर खरा झटका मधल्या मधे निघून जातो, जास्त वेगाने टाकला की जास्त व्होल्ट आले पाहिजेत तर कधी कमीच दिसतात, आणि मुलांचा गोंधळ उडतो. चुंबकाने कॉइलमध्ये करंट येतो का हे बघणाऱ्या जिनिव्हाच्या कोलाडॉन या शास्त्रज्ञाचं असंच झालं होतं १८२५ साली, चुंबकाने सुई हलू नये म्हणून त्याने गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला, इकडे चुंबक कॉइलमध्ये घालून तो तिकडे चालत जाईपर्यंत सुई परत जागेवर, आणि मग १८३१ मध्ये शोध फॅरेडेच्या नावावर गेला. तर फॅरेडेच्या धड्यासाठी काट्याचा जुना मीटर मिळाला तर तो बघा, काटा निदान उडी मारलेला दिसतो. आणि फोर्स-मोशनची गणितं असतील तर हा मीटर नाही, पन्नास-शंभर रुपयांचा ताणकाटा घ्या, लिफ्टमध्ये पिशवी लटकवून वर जाताना तो बघायला लावा.

बाकी तक्रारी. वायरी फार पातळ आहेत, लाल वायर तिसऱ्या महिन्यात प्रोबच्या मुळाशी तुटली. कमी ओहम मोजताना आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून बघा, माझ्यात ०.४ येतात, ते वजा करा. डायल बंद करायची आठवण राहिली नाही की बॅटरी संपते, आपोआप बंद होत नाही, आणि बॅटरी उतरली की रीडिंग उगाच वाढीव यायला लागतात, हे आधी कळत नाही म्हणून जास्त वाईट. माझ्या मॉडेलमध्ये बझर नाही, मिळत असेल तर बझरवाला घ्या, तुटलेली जोडणी शोधायला सोपं जातं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. कागदावर ७५० व्होल्ट एसी वगैरे लिहिलेलं असतं, तरी मुलांना हा घेऊन भिंतीच्या प्लगपाशी जाऊ देऊ नका. लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि कोणी प्लगमध्ये प्रोब घातले तर २३० व्होल्टला तो ०.०१ ओहम थेट जोडला जातो, आणि त्या भोकाला माझ्या मीटरमध्ये फ्यूजच नाही. आमच्याकडे नियम आहे, फक्त सेल आणि नऊ व्होल्टची बॅटरी, चार्जरसुद्धा आता बंद, आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात.

घरात आठवी-नववीच्या वरचं कोणी असेल तर घ्या, पाचपैकी चार. घेताना दुकानातच एक सेल मोजून बघा, आणि मेगाओहमचे दोन रेझिस्टर विसरू नका. भाच्याची बारावी झाली, मीटर आता मुलीच्या टेबलवर गेलाय, काल तिने विचारलं की मीटरचा स्वतःचा एक मेगाओहम मोजायचा तर दुसरा मीटर लागेल का, की आहे त्याच मीटरने आणि एका रेझिस्टरने निघेल. निघतो, तिला सांगितलं नाहीये अजून.