"घरालाही चालेल, रेंजलाही चालेल" : एअर पिस्तूल आणि लायसनच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

घराच्या सेफ्टीला पण होईल आणि पोरीच्या रेंजवरच्या नेमबाजीच्या प्रॅक्टिसला पण होईल असं एकच हत्यार कोणी दाखवायला लागला की तिथूनच मागं फिरा. सगळं तपशिलात लिहितोय कारण हा माणूस अजून मोकळा फिरतोय आणि आमच्या ओळखीतल्या एक-दोन घरांत त्याचे मेसेज येऊन पडलेत.

आमचं मूळ घर शिरूर तालुक्यात मळ्यात, आईवडील तिकडं आणि आम्ही पुण्यात. मळ्यातली वस्ती कशी असते ते ज्यांचं आहे त्यांना सांगायला नको, शेजारी हाकेच्या अंतरावर नाही, मोटारीची केबल आज टाकली की परवा चोरीला, आणि उसात बिबट्या तर कायमचाच मुक्कामाला. (बिबट्यावर बंदूक चालवायचा प्रश्नच येत नाही, वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, आत जाल. पण रात्री लाईटीच्या टायमाला मोटार चालू करायला जाताना हाताशी काहीतरी असावं असं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटतं, वाटणारच.) आणि दुसरीकडं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर आमच्या लेकीला शूटिंगचं याड लागलं. मनू भाकरची दोन ब्राँझ, आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेचं ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ, सगळं तोंडपाठ. तिला क्लबात घातलं, १० मीटर एअर पिस्तूल, सुरुवातीला क्लबचंच पिस्तूल वापरत होती आणि छान चाललं होतं.

तर एका घरात दोन गरजा, आणि हा माणूस नेमका दोन्हीच्या मधोमध येऊन उभा राहिला. मॅचच्या ठिकाणी पालक बाहेर बाकड्यावर बसलेले असतात तिथं तो फिरायचा, टीशर्टवर नेमबाजीचा लोगो, गळ्यात कसलंतरी कार्ड, स्वतःला कन्सल्टंट म्हणवून घ्यायचा. बोलायला एकदम गोड. "साहेब, ताईचा होल्ड मस्त आहे पण क्लबच्या गनवर किती दिवस काढणार, ग्रिप तिच्या हाताची नाहीये." हे खरं होतं. फसवणारा माणूस पहिली चार वाक्यं खरीच बोलतो, म्हणून तर पाचवं खपतं. त्यानं ग्रिपचे म्हणजे मुठीचे साईज सांगितले, ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला पाहिजे ते सांगितलं, टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं ते सांगितलं, बाकड्यावरचे सगळे पालक माना डोलवत होते. मग बोलता बोलता मळ्याचा विषय निघाला आणि त्याचे डोळेच चमकले. म्हणला, "मग दोन दोन खर्च कशाला साहेब, स्विस मॅच पिस्तूल आहे माझ्याकडं, एका नॅशनल शूटरनं वापरलेलं, ताई दिवसा रेंजला मारंल आणि सुट्टीत मळ्यावर गेलात की घराला संरक्षण. लायसनची भानगड नाही. आबांसाठी रिव्हॉल्व्हरचं पण बघू, लायसन मी काढून देतो, ऑल इंडिया."

पिस्तूल एक लाख दहा हजाराला ठरलं. नवीन घ्यायला गेलं तर याच्या कितीतरी वर जातं, त्यामुळं भाव पटण्यासारखाच होता, अगदी फुकटात देतोय असंही नव्हतं की संशय यावा. पैसे युपीआयनं घेतले पण नाव दुसऱ्याच कोणाचं तरी आलं, "मिसेसचं अकाउंट आहे" म्हणला. बिल नंतर पाठवतो म्हणला, ते नंतर अजून आलेलं नाही.

आता खरी गंमत. रेंजवर एक म्हातारे काका आहेत, गन रिपेरिंगचं काम करतात, फारसं बोलत नाहीत. लेकीनं पेटी उघडली तसं त्यांनी पिस्तूल हातात पण घेतलं नाही, आधी खालचा सिलेंडर फिरवून मोबाईलची टॉर्च मारली. या मॅच म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलांना नळीच्या खाली हवेचा एक छोटा सिलेंडर असतो, त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट प्रेशर, आणि ते सगळं पोरीच्या तोंडासमोर हातभर अंतरावर. म्हणून त्या सिलेंडरवर तारीख असते आणि साधारण दहा वर्षांनी तो बाद धरतात. मॅचच्या नियमात पण आहे की सिलेंडर मुदतीत असणं ही शूटरची जबाबदारी. आमच्या सिलेंडरवर तारखेच्या जागी बारीक पॉलिश पेपरनं घासलेला पट्टा होता आणि त्यावर एक चकचकीत स्टिकर, स्टिकरवर अलीकडची तारीख. काकांनी नखानं स्टिकरचं टोक उचललं, खाली जुन्या आकड्यांचा अर्धवट ठसा दिसला. वर्ष नीट वाचता येईना, पण पहिले तीन आकडे २००, म्हणजे २००९ च्या अलीकडचा तर तो असूच शकत नाही. काका एवढंच म्हणले, "हे भरू नको बाळा."

मग एकेक निघायला लागलं. या पिस्तुलांबरोबर कंपनीचं एक टेस्ट कार्ड येतं, फॅक्टरीत मारलेल्या छर्‍यांचं भोक असलेलं, त्यावर त्या पिस्तुलाचा सिरीयल नंबर. आमच्या पेटीत कार्ड होतं, भोक पण एकदम सुंदर, फक्त नंबर पिस्तुलाच्या नंबराशी जुळत नव्हता, शेवटचे आकडे वेगळे. म्हणजे पेटी एकाची, कार्ड दुसऱ्याचं, पिस्तूल तिसऱ्याचं. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून उचललं की घोडा सुटायला नको, आमचा उचलायच्या आधीच सुटत होता कारण आतला भाग घासून हलका केलेला. ग्रिप तिच्या मापाची म्हणून दिलेली होती ती मोठ्या मापाची, लाकूड तासून वर पुट्टी भरून रंगवलेली. दुसरा सिलेंडर लावून, पिस्तूल शिकंज्यात बांधून काकांनी मारून पाहिलं, चांगलं मॅच पिस्तूल असं बांधल्यावर जवळपास एकाच भोकात मारतं, आमचे छर्रे वरपासून खालपर्यंत शेवग्याच्या शेंगेसारखे एका रेषेत पडले. रेग्युलेटर (हवेचं प्रेशर सारखं ठेवणारा भाग) गेलाय म्हणाले, प्रत्येक शॉटला वेगळं प्रेशर येतंय.

त्याला फोन केला तर आधी हसला, मग म्हणला सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते, आणि मग जे वाक्य टाकलं त्यानं माझं डोकंच सटकलं. "रेंजला नाही चालत तर मळ्यावर ठेवा की, चोराला काय माहीत."

हे नीट समजून घ्या, कारण "सेल्फ डिफेन्स एअर गन" म्हणून हा धंदा सगळीकडं चालू आहे. मॅच एअर पिस्तुलाचा साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे ताकद पाच-सहा ज्यूल. कागदाला गोल भोक पाडायला बनवलेली वस्तू आहे ती. त्यात एका वेळी एकच छर्रा बसतो. डोळ्यात गेला तर डोळा जाईल, पण जाड जॅकेट घातलेला माणूस त्यानं थांबत नाही, उलट तुमच्या हातात पिस्तूल दिसलं म्हणून समोरचा कोयता आधी चालवणार. लायसन लागत नाही हे खरंय, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं .१७७ बोअर (म्हणजे हाच साडेचार मिलिमीटर) आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला लायसन नाही, पण लायसन लागत नाही ते ती कमजोर आहे म्हणूनच ना! जी गोष्ट विनापरवाना मिळते तीच घराचं संरक्षण करंल, हे त्याचं बोलणं तिथंच तुटतं.

आणि लायसनवाला भाग अजून भारी. आबांच्या नावानं "फाईल चार्जेस" म्हणून त्यानं वेगळे पंचवीस हजार उचलले होते. व्हॉट्सअपवर आबांचा फोटो लावलेल्या लायसनच्या पानाचा फोटो पाठवला, जम्मूकडच्या कुठल्यातरी जिल्ह्याचा शिक्का, म्हणला फक्त सही राहिलीय, बाकीचे दीड लाख दिले की पुस्तक हातात. वर "थोडे अजून टाकले तर नाईन एमएम पण होऊन जाईल." इथं माझ्या मेव्हण्यानं पकडलं, तो माजी सैनिक, स्वतःकडं लायसनची दुनळी आहे. तो म्हणला दाजी, नाईन एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर म्हणजे बंदी असलेल्या मापाचं हत्यार आहे, साध्या माणसाला मिळत नाही, आणि या पानावर यूआयएन कुठाय? प्रत्येक लायसनला सरकारी डेटाबेसमधून युनिक नंबर मिळतो, तो नसलेलं लायसन आज धरतच नाहीत. जम्मू-काश्मीरचं तर प्रकरणच गाजलेलं आहे, २०१२ ते २०१६ या काळात तिथं अडीच लाखाच्या वर लायसन बाहेरच्या आणि अपात्र लोकांना वाटल्याचा आरोप, सीबीआयनं धाडी टाकल्या, मोठमोठ्या अधिकाऱ्यांची चौकशी झाली. तसलं पुस्तक घेऊन कोणी दुकानात रिव्हॉल्व्हर घ्यायला गेला असता तर आर्म्स ॲक्टमध्ये आत गेला असता, म्हणजे सत्तरी ओलांडलेले आमचे आबा.

मी सरळ जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. आमचा मळा ग्रामीणमध्ये येतो म्हणून कलेक्टर, पुणे शहर किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर तिथलं पोलीस कमिशनर ऑफिस. टेबलावरच्या बाईंनी मोबाईलवरचं पान बघितलं आणि शेजारच्यांना म्हणल्या "अहो हे बघा, अजून एक." म्हणजे आम्ही पहिले नव्हतोच. त्यांनी सरळ मराठीत सांगितलं, जिथं राहता किंवा जिथं धंदा-नोकरी आहे तिथंच अर्ज करायचा, ऑनलाईन, फॉर्म ए-१, त्याबरोबर डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मग स्थानिक पोलीस स्टेशन चौकशी करतं, शेजाऱ्यांना विचारतं, तुमच्यावर केस आहे का बघतं, धोका खरा आहे का बघतं, आणि मग साहेब ठरवतात द्यायचं की नाही. नाही पण म्हणतात, बऱ्याचदा म्हणतात. मिळालं तर पाच वर्षांसाठी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. सरकारी फी लाखात नसते. "एजंट कशाला लागतो?" असं बाईंनी विचारलं, आणि आबा माझ्या शेजारी गप उभे.

मग घरी बसून आबा, मेव्हणा आणि मी नीट चर्चा केली, तीच आधी कन्सल्टंटनं करायला पाहिजे होती जर तो खरंच कन्सल्टंट असता तर. मळ्याला लायसन मिळालंच तर मेव्हण्याचं मत बारा बोअर दुनळीचं, दोन्ही हातांनी धरायची, म्हाताऱ्या माणसाला सांभाळता येते, आवाजानंच निम्मं काम होतं. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, खिशात बसतं खरं, पण आखूड नळीचं हत्यार अंधारात नेम धरून मारायला सराव पाहिजे आणि आबांचा हात आता थरथरतो. बरं, निवडणूक लागली की बऱ्याच जणांना हत्यार पोलीस स्टेशनला जमा करायला लावतात, आणि आपल्याकडं निवडणुका कधी संपतात का? आईचं म्हणणं तर फार सरळ, "बंदूक कुलपात आणि चोर दारात, मग ती काढणार कोण?" शेवटी मळ्यावर सध्या सोलरचे दोन फ्लडलाईट, कंपाउंडची जाळी आणि दोन गावठी कुत्री आलीत. लायसनचा अर्ज आबांनी स्वतः भरलाय, होईल तेव्हा होईल.

रेंजचं हत्यार निवडायचं गणित पूर्ण वेगळं. तिथं ताकदीचा संबंधच नाही, ग्रिप हातात कशी बसते, ट्रिगर कसा आहे, सिलेंडरची तारीख, सिरीयल नंबर आणि कार्ड जुळतं का, आणि बाहेरचा माल असंल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) कुठाय. सेकंडहँड घेऊ नका असं मी म्हणत नाही, निम्मे शूटर सेकंडहँडवरच वर आलेत, पण पैसे द्यायच्या आधी रेंजवर आणून जाणकाराला दाखवू द्या म्हणा. खरा विकणारा स्वतःच घेऊन येतो. आमचा म्हणला होता, "रेंजवर नको साहेब, लोक नजर लावतात."

पोलीस स्टेशनला आधी "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" म्हणून कटवायला बघितलं. तेव्हा लायसनच्या पानाचा फोटो पुढं केला, तसं साहेब खुर्चीत सरळ बसले, कारण खोटा सरकारी शिक्का हा आपसातला व्यवहार नाही. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८. ऑनलाईन पैसे गेलेत म्हणून १९३० या सायबर हेल्पलाईनवर पण नोंद केली, ज्या खात्यात पैसे गेले ते बँकेनं होल्ड केलंय पण त्यात शिल्लक अगदीच किरकोळ निघाली. पिस्तूल पोलिसांकडं जमा आहे. लेक परत क्लबच्या पिस्तुलावर, काकांनी त्याची ग्रिप तिच्या हाताप्रमाणं थोडी तासून दिलीय, पैसे घेतले नाहीत.

तुमच्याकडं असाच कोणी आला असंल, लोगोवाला टीशर्ट, गळ्यात कार्ड, "ताईचा होल्ड मस्त आहे" ने सुरुवात, तर चॅट डिलीट करू नका. युपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि पाठवलेले फोटो जसेच्या तसे ठेवा आणि आपापल्या पोलीस स्टेशनला लेखी द्या, तक्रारी जास्त झाल्या की एकत्र तपास लागेल असं आमच्या तपास अधिकाऱ्यांनी सांगितलंय.