घोषणापत्र वाचून देणारे वकील: दापोलीतील सदनिका घेतानाचा अनुभव

दापोलीजवळ, किनाऱ्यालगतच्या एका संकुलात आईच्या आणि माझ्या नावे सदनिका घेण्यापूर्वी रत्नागिरीतील एका वकिलांकडून कागदपत्रे तपासून घेतली. त्या सेवेविषयी हे मत.

संकुल सहकारी गृहनिर्माण संस्थेचे नव्हते, तर 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालचे होते. संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते व सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट राहते. अपार्टमेंटमध्ये मात्र सदनिका खरेदीखताने थेट आपल्या मालकीची होते आणि जमीन, जिना, गच्ची, विहीर यांत अविभक्त हिस्सा मिळतो, इतके मला ठाऊक होते. वकिलांनी बोट ठेवले ते घोषणापत्राच्या, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणण्यासाठी नोंदवायच्या दस्तऐवजाच्या, शेवटी जोडलेल्या टक्केवारीच्या तक्त्यावर. प्रत्येकाचा हा हिस्सा सदनिकेच्या मूल्यावरून ठरतो, सर्व मालकांच्या संमतीने दुरुस्त घोषणापत्र नोंदवल्याखेरीज तो बदलत नाही, आणि सामायिक खर्चाची वाटणी व मताचे वजनही त्यावरूनच ठरते.

आमच्या मसुद्यात गच्ची वरच्या मजल्यावरील दोनच सदनिकांच्या वापरासाठी राखली होती, पण त्या सदनिकांची टक्केवारी इतरांइतकीच होती. म्हणजे गच्ची त्यांची आणि गळतीचा खर्च सगळ्यांचा. खाऱ्या वाऱ्याने कठडे गंजणाऱ्या आणि चार महिने पाऊस झोडपणाऱ्या या पट्ट्यात ही बाब किरकोळ नव्हे. घोषणापत्र अजून नोंदलेले नसल्यामुळे विकासकाला दुरुस्ती करणे भाग पडले. शिवाय न विकलेल्या सदनिकांच्या वाट्याचा देखभाल खर्च विकासकाने भरावा, हेही वकिलांनी स्पष्ट शब्दांत लिहवून घेतले. या एका कामासाठीच मी त्यांची फी रास्त मानतो.

उणीव सांगायची तर लेखी अभिप्राय ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा आला आणि तो पूर्णपणे इंग्रजीत होता, जो सहखरेदीदार असलेल्या आईला वाचता येईना. विनंती केल्यावर त्यांनी एक अख्खी दुपार देऊन तिला कलमे मराठीत समजावली, आणि तिच्या शंकांना एकदाही घाई केली नाही, याचे मला विशेष वाटते. तरीही मराठी अभिप्राय मुळातच मिळायला हवा होता. घोषणापत्राचा मसुदा मात्र विकासकाकडून आपणच मिळवून न्यावा लागतो. मला त्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागल्या.