सीएक्ससीएल१२ ची व्हायल: माल चांगला, सोबतच्या कागदावर मात्र विसंबू नका

रिकॉम्बिनंट ह्युमन सीएक्ससीएल१२ ची (सेल्सना आपल्याकडे ओढणारं केमोकाइन प्रोटीन, लॅबमध्ये बनवलेलं) व्हायल वापरायला लागून तीन-चार महिने झाले, म्हटलं आता लिहूनच टाकावं, कारण घ्यायच्या आधी मी शोधत होते तेव्हा बी सेल्सवर (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) वापरून कोणी काही लिहिलेलंच सापडेना, सगळे आपले टी सेल्स नाहीतर कुठली तरी सेल लाइन. कंपनीचं नाव घेत नाही.

पहिला आठवडा नुसता डोक्याला ताप. कागदावर लिहिलंय १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, १५ मिनिटं, मग फॉस्फो-ईआरके (ईआरके या सिग्नल पुढे नेणाऱ्या प्रोटीनचं चालू झालेलं रूप) बघा. बघितलं. शून्य! मला वाटलं व्हायलच मेलेली आली, मग वाटलं ते दाखवणारी अँटिबॉडी खराब, मग वाटलं माझ्याच सेल्स मेल्या, पण आयोनोमायसिन (रिसेप्टरशिवायच सेलमधलं कॅल्शियम वाढवणारं रसायन) टाकलं की कॅल्शियम मस्त वर जात होतं म्हणजे निदान सेल्स जिवंत होत्या.

मग एका दुपारी टायमर गळ्यात अडकवून बसले, ३० सेकंद, १, २, ५, १५ मिनिटं. सेल्स आधीच ३७ डिग्रीला, आणि वेळ भरली की फिक्सेटिव्ह (सेल्स आहे त्या स्थितीत थांबवणारं रसायन) थेट त्याच ट्यूबमध्ये, आधी स्पिन करत बसलात तर तेवढ्यातच सिग्नल निघून जातो. फ्लोवर (फ्लो सायटोमीटर, एकेका सेलची चमक मोजणारं यंत्र) दोन मिनिटांचा पीक सरळ उजवीकडे सरकलेला आणि १५ मिनिटांचा परत कंट्रोलवर येऊन बसलेला!! म्हणजे सिग्नल येऊन गेला होता, मीच उशिरा पोचत होते. यात नवल काही नाही खरं तर, सीएक्ससीआर४ (सेलवर सीएक्ससीएल१२ ज्याला चिकटतं तो) हा जी प्रोटीनवाला रिसेप्टर, केमोकाइन चिकटलं की जीआय नावाचं जी प्रोटीन सुटतं, त्याच्या बीटा-गॅमा तुकड्यावरून एकीकडे पीएलसी, आयपी३ आणि काही सेकंदांत कॅल्शियम, दुसरीकडे पीआय३-कायनेज आणि एकेटी, ईआरके पण मिनिटा-दोन मिनिटांत पेटतं, आणि तोवर बीटा-अरेस्टिन येऊन रिसेप्टरला आत ओढायला लागलेलं असतं. १५ मिनिटांनी दार वाजवलं तर कोण उघडणार?

खात्री म्हणून पर्टुसिस टॉक्सिन (जीआय बंद पाडणारं) देऊन बघितलं, सिग्नल गायब. प्लेरिक्साफोर (सीएक्ससीआर४ अडवणारं औषध) दिलं, तरी गायब. म्हणजे व्हायलमधल्या कुठल्या भेसळीचा सिग्नल नाही, त्या बाबतीत कंपनीला पैकीच्या पैकी. अजून एक आवडलं, सीक्वेन्स पूर्ण छापलाय आणि तो लायसिन-प्रोलिन-व्हॅलिननेच सुरू होतो. हे बघूनच घ्या हं, कारण सिग्नल देण्याचं काम त्या सुरुवातीच्या टोकाचं आहे, तिथे छेडछाड झाली की प्रोटीन रिसेप्टरला नुसतं चिकटून बसतं, पुढे काही करत नाही.

मायग्रेशनला (सेल्स केमोकाइनकडे जाळीतून सरकतात का ते बघायला) पण चालतं, ५ मायक्रॉनच्या छिद्रांची जाळी घ्या, फक्त जास्त टाकलं म्हणजे जास्त सेल्स खाली येतील असं नाही, एका ठराविक डोसच्या पुढे आकडा परत उतरतो. आणि बी सेल्स वेगळ्या करताना सीडी१९ (बी सेल्सच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन) धरणाऱ्या बीड्स शक्यतो नकोच, सीडी१९ स्वतःच बी सेल रिसेप्टरचा जोडीदार, त्यालाच धरून ओढलं तर बॅकग्राउंडचं काय होईल सांगता येत नाही. निगेटिव्ह सिलेक्शन करा, म्हणजे बाकीच्या सेल्सच धरून काढून टाका.

एक घोळ माझा स्वतःचा. पहिलं अलिक्वॉट (व्हायलमधला छोटा वाटा) साध्या पीबीएसमध्ये (क्षारांचं साधं बफर) पातळ करून ठेवलं, पुढच्या आठवड्यात कॅल्शियम पार मरगळलेलं. ही प्रोटीन्स प्लास्टिकला चिकटतात, बीएसए (गायीचं अल्ब्युमिन प्रोटीन) घातल्याशिवाय पातळ करून ठेवू नका आणि एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

पाचपैकी चार स्टार. एक कापला त्या कागदासाठी, आणि थोडा सपोर्टवाल्यांसाठी, त्यांना माझा टाइमकोर्स ग्राफसकट पाठवला तर उत्तर आलं, कृपया १५ मिनिटं ठेवून बघा.